ओपन आणि क्लोजच्या मधलं

"मॅडम, घर स्वतःचं आहे, मुलगी नोकरीला लागली. आम्हाला काय कमी आहे? मग ह्यांना पैशाचा एवढा हव्यास कशाला?"

समुपदेशनाला आलेली मटका खेळणाऱ्याची बायको मला हे विचारतेच. या ताईंनी (ओळख पटेल असे तपशील बदललेत) पिशवीतून नवऱ्याची वही काढून टेबलावर ठेवली. मुलीची शाळेतली दोनशेपानी वही, मागच्या बाजूने आकड्यांच्या उभ्या रांगा. काहींभोवती लाल गोल.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः आले. वीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होते, कारखाना बंद पडल्यापासून घरीच. किती हरलात, हे मी विचारलं नाही. ते घरी रोज विचारलं जातं. "शेवटचा आकडा लागला, त्या पैशांचं काय केलंत?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लावले परत."

नुसता हव्यास असता तर पैसे खिशात घालून घरी गेले असते. बरं, हिशेब त्यांना माझ्यापेक्षा पक्का ठाऊक. दहा आकड्यांतला एक येणार आणि मिळणार एकाला नऊ. खेळत राहिलं की बुकीच वर. बिनचूक शिल्लक जुळवणाऱ्या माणसाला मी काय गणित शिकवणार!

"ओपन आला की क्लोजपर्यंत बरं वाटतं," ते म्हणाले. (ओपन म्हणजे मटक्यात त्या दिवशी आधी निघणारा आकडा, क्लोज म्हणजे नंतरचा.) "तेवढ्या वेळात दुसरं काही डोक्यात येत नाही."

दुसरं म्हणजे काय, ते तिसऱ्या भेटीत कळलं. लाइटबिल आता मुलगी भरते.

जिंकल्याचं ते दोन वाक्यांत सांगत. सात लावला नि आठ आला, हे मात्र अगदी रंगवून. खरं तर सात लावल्यावर आठ आला काय नि दोन आला काय, हरणं तेवढंच. पण मन त्याला 'थोडक्यात हुकलं' म्हणतं आणि उद्याची वाट बघतं. दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबूतर चोच मारतच राहतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने प्रयोगांत दाखवलंच आहे. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेनेही २०१३ साली जुगाराला दारूच्याच प्रकरणात बसवलं.

बँकेचं कार्ड ताईंकडे गेलं, उधारी एकदाची कागदावर आली. ते सोपं होतं. अवघड होते संध्याकाळचे दोन तास. सध्या ते भाच्याच्या हार्डवेअरच्या दुकानात माल मोजून लिहून ठेवतात, बिनपगारी. "फुकट राबतात," ताईंची कुरकुर.

गेल्या महिन्यात दोनदा खेळले, स्वतःहून सांगितलं. वही अजून माझ्याच कपाटात आहे. "परत नको," म्हणाले, "पण फाडू नका."