छोट्या मागाचे प्रश्न: कडा आत का येतात, आणि पोरांना आधी काय शिकवायचं

प्रश्न: आमच्या घरचे यंत्रमाग आहेत, त्यामुळे कोनवर उरलेलं सूत ढिगानं पडलेलं असतं. सुट्टीत गल्लीतल्या पोरांना पुठ्ठ्यावर विणायला शिकवावं म्हणते. हेच सूत चालेल का? (एक ताई, विटा)

ताई, आडव्या धाग्याला चालेल, ताण्याला, म्हणजे आधी ताणून लावलेल्या उभ्या धाग्यांना, नको. मागावरचं सूत बहुतेक एकेरी आणि बारीक असतं. कारखान्यात त्याला सायझिंगची खळ, म्हणजे धागा मजबूत करणारी कांजी, लागते म्हणून ते टिकतं, पोरांच्या हातात ते आधी पिंजणार मग तुटणार आणि पोरं तिसऱ्या मिनिटाला मोबाईल मागणार. काउंटचा हिशोब तुमच्या घरात सगळ्यांना पाठ असेलच, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते, 840 यार्डाच्या किती लडी एका पौंडात बसतात तो आकडा म्हणजे काउंट, म्हणून आकडा जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. शिकणाऱ्याला ताण्यासाठी 2/20 चं, म्हणजे 20 काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेलं सूत, तेही जोडून घेतलं तर अजून बरं, नाहीतर सरळ दुकानातला क्रोशाचा कॉटन दोरा आणा. स्वेटरची लोकर ताण्याला देऊ नका, ती ताणते, विणताना सगळं छान दिसतं आणि पुठ्ठ्यावरून काढलं की कापड गोळा होतं. तुमचं कोनवरचं सूत सहा-आठ पदर एकत्र करून आडवं घाला, रंग मिसळून फार सुंदर दिसतं आणि फुकटात काम होतं.

आणि एक, पहिल्या दिवशी ताणा पोरांना लावायला देऊ नका, तुम्हीच लावून ठेवा. बऱ्याच क्लासमध्ये 'पाया पक्का' म्हणून आधी ताणा, मोजमाप, गाठी हेच शिकवतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्यानं अजून चार बोटं कापड विणलेलं नाही त्याला ताणा सारखा का ओढायचा हे कसं कळणार? आधी विणू दे, एखादा धागा ढिला निघून मध्ये लोंबला की तो स्वतःच विचारतो हे असं का झालं, मग दुसरा ताणा त्याच्याच हातानं लावून घ्यायचा.

प्रश्न: सुताराकडून खिळ्यांची चौकट करून घेतली. विणायला सुरुवात करताना रुंदी बरोबर असते, वर जाता जाता कापड मध्ये निमुळतं होतं. काहीजण म्हणतात हात सैल ठेवा, पण सैल ठेवला की कडेला फासे लोंबतात. (सातारा)

याच प्रश्नाची पत्रं सगळ्यात जास्त येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आडवा धागा सरळ रेषेत जात नाही, एका धाग्याच्या वरनं, पुढच्याच्या खालनं असा वळत वळत जातो, म्हणजे कापडाच्या रुंदीपेक्षा त्याला जास्त लांबी लागते. ती जास्तीची लांबी तुम्ही दिली नाही तर तो कुठून आणणार, कडेचे धागे आत ओढून. सैल हात हे उत्तर अर्धवट आहे, कारण सैलपणा कडेला नको, मध्ये हवा. म्हणून धागा टाकताना आडवा सरळ टाकायचा नाही, कडेला नीट टेकवून मधे छोट्या डोंगरासारखा वर उचलून ठेवायचा किंवा तिरका टाकायचा आणि मग फणीनं खाली ठोकायचा, डोंगर खाली बसताना लागेल तेवढा धागा आपोआप वळणात जातो. रुंद कापडाला दोन-तीन डोंगर करा.

रुंदी डोळ्यानं बघू नका, कागदाची पट्टी सुरुवातीच्या मापाची कापून चार बोटं विणून झालं की लावून बघा. थोडी आत येणारच, कुणाचीही येते, पण आत येणं वाढत चाललं की तिथंच थांबून उसवा. पुढं गेल्यावर ते सुधारत नाही. यंत्रमागावाले म्हणतील टेंपल, म्हणजे कडांना अडकवायची आडवी पट्टी, लावा की, कापड ताणून धरतं. धरतं खरं, पण शिकणाऱ्याच्या हाताची सवय झाकली जाते, निदान पहिले दोन तुकडे तसेच विणा.

तुमची चौकट पण एकदा तपासा, दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे आणि कितीही जपलं तरी कापड तिरकं येणार. खिळे एका ओळीत ठोकले असतील तर लाकूड चिरतं, वरखाली दोन ओळींत घ्यायला सांगा.

प्रश्न: एक मीटरचा स्टोल विणायला ताण्याचं सूत किती आणू? (कराड)

समजा रुंदी 30 सेंमी आणि सेंमीला 4 धागे, म्हणजे 120 धागे. लांबी एक मीटर, विणताना आणि धुतल्यावर आटण्यासाठी मिळून 20 सेंमी धरा, मागाला दोन्ही टोकांना बांधून वाया जाणारं 40 सेंमी, झाले 1.6 मीटर. 120 गुणिले 1.6, 192 मीटर. दोनशे तरी आणाच, तुटतंच एखादं.

प्रश्न: आजोबा म्हसवडकडचे, घोंगडी विणायचे. खड्ड्यातला माग अजून घरी आहे. मला त्यावरच शिकायचंय, कॉलेजमुळे वेळ कमी मिळतो. (सातारा)

बेटा, इच्छा छान आहे पण सुरुवात त्यावर नको. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, केस एकमेकांत अडकतात आणि आडवा धागा घालायची ताण्यातली फट साफ उघडत नाही, म्हणून तर चिंचोक्याची खळ ताण्याला ब्रशनं लावून वाळवतात. हे सगळं एकट्यानं सुट्टीच्या दिवशी जमायचं नाही. आधी छोट्या चौकटीवर ताणा सुताचा आणि आडवा हातकताईच्या लोकरीचा घेऊन एक आसन विण, लोकर ठोकताना कशी बसते ते हाताला कळू दे. दरम्यान आजोबांना खळ करायला लाव आणि सगळं मोबाईलवर शूट कर, चिंचोके भाजण्यापासून. किती घट्ट शिजवली की थांबायचं हे त्यांना विचारून सांगता येणार नाही, बघूनच कळेल. आणि लोकरीला जास्त ओलावा देऊ नकोस, सूत ओलं झालं की मजबूत होतं, लोकरीचं उलट होतं.

प्रश्न: मे महिन्यात धागे फार तुटतात, दोरा खराब आहे का? (जत)

दोऱ्याचा दोष नसेल, कोरड्या हवेत कॉटन ठिसूळ होतं. मागाजवळ ओलं फडकं टांगा, दुपारी विणू नका. तरी तुटलंच तर तसाच नवीन धागा शेजारून घालून दोन बोटं जुन्याबरोबर चालू द्या, मध्येच गाठ मारू नका, फणीत अडकते.

प्रश्न: टेबलावरचा माग घ्यावा की नाही? निवृत्त आहे, बजेट आहे. (सांगली)

घ्या काका, पण आधी महिनाभर चौकटीवर विणून बघा, कंबर आणि मान काय म्हणते ते कळेल. मग रिजिड हेडलचा, म्हणजे ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या एकाच कडक फणीचा, घ्या, साधं विणकाम आणि काठीनं उचलून थोडं डिझाईन होतं. ट्विलची, म्हणजे तिरक्या रेषांच्या विणीची, हौस असेल तर किमान तीन वह्यांचा (ताण्याचे धागे गटानं उचलणाऱ्या चौकटींचा) माग लागतो, आणि चारचा असला तर नमुने जास्त निघतात. आणि विकून पैसे मिळतील का हे तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत.