नागपुरात कॉलेजमध्ये सर्वसमावेशकतेवर बोलायला पाहुणा वक्ता कोण बोलवावा?

एकाच मोठ्या नावामागे धावू नका. कायदा जाणणारा एक आणि स्वतः तृतीयपंथी किंवा दिव्यांग म्हणून आयुष्य जगणारा एक, अशी जोडी बोलवा. कॉलेजच्या कार्यक्रम समितीत आहे म्हणून सांगतो, नुसत्या भाषणाला पोरं हजेरी लावून सटकतात. तृतीयपंथीयांच्या ओळखीबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल किंवा २१ प्रकारचं अपंगत्व मानणारा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा समोर ठेवला, की प्रश्न येतात. मानधन आधीच ठरवा. ‘अनुभव सांगायला या’ म्हणत फुकटात बोलावणं बरं दिसत नाही. वक्ता व्हीलचेअरवर असेल तर स्टेजला रॅम्प आहे का, तेही बघून घ्या. फक्त दसऱ्याच्या आसपासची तारीख धरू नका, तेव्हा दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी असते.