आधी तारीख, मग तिकीट

प्रिय मित्रा,

कॅरिबियन बेटांवर सुट्टीला जायचं तर बार्बाडोस की त्रिनिदाद, इथे तुझं घोडं अडलंय. पांढरी वाळूच हवी असेल तर त्रिनिदादचं जोडबेट टोबॅगो आहे, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून तिथे बोटीनं जाता येतं. त्रिनिदादला माणसांसाठी जायचं, आणि ही माणसं सणाला एकत्र भेटतात. म्हणून आधी तारीख, मग तिकीट.

स्वस्त म्हणून तू सप्टेंबर धरलास. ऐन पावसाळा, आणि मोठा सण एकही नाही! चुकीच्या आठवड्यात उतरलेली माणसं परत येऊन ‘तिथे काही नाही’ म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

कार्निवल, म्हणजे तिथला रस्त्यावरच्या नाचगाण्याचा मोठा सण, ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) आधीचे सोमवार-मंगळवार. ईस्टरप्रमाणे तारीख सरकते. पोशाख घालून नाचायचं तर एखाद्या बँडकडे (मिरवणुकीत एकत्र नाचणारा गट) काही महिने आधी नाव नोंदवावं लागतं. ऐनवेळी पैसे देऊनही मापाचा पोशाख मिळत नाही. नाही मिळाला तर कार्निवलच्या आधी, जानेवारीतच जा. रात्री पॅनयार्डमध्ये (वादकांच्या सरावाचं अंगण) स्टीलपॅनचा, म्हणजे पोलादी पिंपांपासून बनवलेल्या वाद्याचा, सराव चालतो, तो उभं राहून ऐकता येतो. मला विचारशील तर मिरवणुकीपेक्षा तोच ऐक.

३० मे ही भारतीयांच्या आगमनाची सुट्टी. १८४५ साली याच दिवशी ‘फातेल रझाक’ जहाज मजूर घेऊन पोहोचलं. मोहरममध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात होसेचे (मोहरमच्या सणाचं तिथलं नाव) ताबूत निघतात. ताशे वाजवणाऱ्यांत हिंदूही असतात, आफ्रिकन वंशाचेही. चांद्र तिथीमुळे होसे दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नकोस. दिवाळीलाही राष्ट्रीय सुट्टी असते, आणि छगुआनास शहरातल्या ‘दिवाळी नगर’ या मैदानावरचे कार्यक्रम आधीच्या दिवसांत होतात. दिवाळीच्याच दिवशी उतरलास तर ते हुकले. पुन्हा सांगतो, आधी तारीख!

वॉटरलूचं समुद्रातलं मंदिरही चुकवू नकोस. शिवदास साधू या भारतीय मजुरानं साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलेलं मंदिर पाडलं गेलं, त्यांना तुरुंगवास झाला. मग त्यांनी सायकलवरून दगडमाती वाहून समुद्रातच भराव घातला.

सकाळी डबल्स खा: ‘बारा’ नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मधे चण्याचा रस्सा. मिरची ‘स्लाइट’, म्हणजे थोडीच, माग, कारण तिथली मिरची फार जहाल. शहरात मॅक्सी टॅक्सीच्या (ठरलेल्या मार्गावरची छोटी बस) पट्ट्याचा रंग बघ; पूर्वेकडे जाणारी लाल, पोर्ट ऑफ स्पेनची पिवळी. लष्करी छापाचे कपडे नेऊ नकोस, तिथे ते नागरिकांनी घालणं बेकायदा आहे. आणि वाटेत अमेरिकेत विमान बदलणार असशील, तर तेवढ्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो; तो हातात येईपर्यंत तो मार्ग धरू नकोस.