पहाटेचा डोस टाळता येईल का?

प्रश्न: माझ्या आईचे वय ७१ वर्षे असून तिला मधुमेह आणि रक्तदाबाचा त्रास आहे. पुढच्या आठवड्यात तिची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी आहे. पोट साफ होण्यासाठी दिलेली पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) पावडर दोन लिटर पाण्यात मिसळून निम्मे औषध आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे चार वाजता घ्यायला सांगितले आहे. पहाटे उठण्यापेक्षा सगळे रात्रीच संपवावे, असे आईचे म्हणणे आहे. शिवाय एवढ्या जुलाबांनी तिच्या अंगातले पाणी कमी होईल, अशी घरच्यांना धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर: पहाटेचा डोस टाळू नये. रात्री आतडे साफ झाले तरी सकाळपर्यंत ते तसे राहत नाही. पोटात अन्न नसतानाही पित्त आणि पाचकरस लहान आतड्यातून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या, म्हणजे उजव्या भागात उतरत राहतात आणि तेथे त्यांचा चिकट, पिवळसर-तपकिरी थर बसतो. नेमक्या याच भागात काही पॉलिप (अस्तरावर वाढणाऱ्या गाठी) चपटे, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाचे असतात, त्यामुळे पातळशा थराखालीही ते सहज लपतात. म्हणूनच दुसरा डोस तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचा असतो. भूल देताना जठर रिकामे असावे यासाठी ही शेवटची मर्यादा असते. आईंची झोपमोड होईल हे खरे, पण तयारी अपुरी ठरून तपासणी पुन्हा करावी लागली तर हा सगळा खटाटोप नव्याने करावा लागेल.

घरच्यांची धास्ती स्वाभाविक असली तरी या औषधाच्या बाबतीत ती बरीचशी अनाठायी आहे. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा रेणू मोठा असल्याने तो आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषला जात नाही आणि पाणी स्वतःपाशी धरून ठेवतो. सोबतचे क्षार अशा प्रमाणात असतात की शरीरातून पाणी आणि क्षार फारसे बाहेरही जात नाहीत आणि आतही येत नाहीत. प्यायलेले पाणीच आतडे धुऊन बाहेर पडते. हे सूत्र १९८० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याआधी रुग्णांना अनेक दिवस पातळ आहार, जुलाब आणि एनिमा यांतून जावे लागत असे. तरीही औषधाव्यतिरिक्त गाळलेले, पारदर्शक पातळ पदार्थ सांगितलेल्या वेळेपर्यंत घेत राहावेत.

मात्र कमी प्यावे लागते म्हणून स्वतःहून दुसरे औषध आणू नये. सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियमच्या मिश्रणाने शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि मूत्रपिंडे अशक्त असतील तर मॅग्नेशियम रक्तात साठू शकते. तोंडाने घ्यायच्या सोडियम फॉस्फेटमुळे मूत्रपिंडांना गंभीर इजा झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये कडक इशारा दिला होता. वयस्कर व्यक्तींना आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

आईंच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती मधुमेहाच्या औषधांची. जेवण बंद असताना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या नेहमीच्याच मात्रेत घेतल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते त्या गोळ्या सहसा तीन-चार दिवस आधीच थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे सर्व गोळ्यांची यादी घेऊन आजच डॉक्टरांशी बोलावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही सांगावी. लोहाच्या गोळीने मल काळा आणि चिकट होतो, म्हणून ती साधारण आठवडाभर आधी बंद करतात.

औषध फ्रिजमध्ये गार करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एकेक पेला, शक्यतो स्ट्रॉने प्यावे. मळमळले तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावे. सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे किंवा पोट फुगणे असे काही झाल्यास मात्र औषध थांबवून लगेच रुग्णालयाला कळवावे. वारंवार जावे लागल्याने गुदद्वाराची त्वचा सोलवटते, तेव्हा पहिल्या जुलाबाआधीच तेथे व्हॅसलीन लावून ठेवावे. जुलाब आधी तपकिरी, मग गढूळ आणि शेवटी लघवीसारखा पिवळट, आरपार दिसणारा झाला की काम झाले असे समजावे. दुसऱ्या डोसनंतरही तो गढूळच राहिला तर निघण्यापूर्वी तपासणी विभागाला फोन करावा.

प्रश्न: औषधाची चव फारच खारट लागते. त्यात साखर घातली तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. ग्लुकोज आतड्यातून शोषले जाताना सोबत सोडियम घेऊन जाते आणि त्यामागोमाग पाणीही रक्तात शिरते. जलसंजीवनी याच तत्त्वावर काम करते. येथे मात्र आपल्याला पाणी आतड्यातच राहायला हवे आहे. उरलेली साखर आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि वायू तयार होतो, ते वेगळेच. पाकिटासोबत चवीची पुडी दिली असेल तर तेवढीच वापरावी, आणि घोटानंतर तोंडाची चव बदलण्यासाठी लाल किंवा जांभळा रंग नसलेले गाळीव सरबत वेगळ्या पेल्यातून प्यावे. मधुमेह असल्यास त्यातली साखर हिशेबात धरावी. लाल रंग टाळायचा तो आतड्यात रक्तासारखा दिसतो म्हणून.