छोट्या विद्यापीठातून पीए केलं तर चालेल का?

"ताई, या युनिव्हर्सिटीचं नाव आमच्या ओळखीत कुणीही ऐकलेलं नाही," आई बसता बसताच म्हणाली. न्यू जर्सीतलं हे मराठी कुटुंब माझ्याकडे सल्ल्यासाठी आलं होतं. मुलीने पदवीनंतर दोन वर्षं इमर्जन्सी विभागात स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेण्याचं काम केलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या विद्यापीठात तिला फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे पीएच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता आणि आठवड्याभरात डिपॉझिट भरायचं होतं. वडिलांचं मत होतं की हे वर्ष जाऊ द्यावं आणि पुढच्या वेळी मोठ्या नावाच्या ठिकाणी अर्ज करावा.

थोडं बोलल्यावर कळलं, वडिलांना जास्त खुपत होता 'असिस्टंट' हा शब्द. मुलगी जन्मभर डॉक्टरांच्या फायली सांभाळणार, असंच त्यांच्या मनात होतं. मी त्यांना 1965 सालची गोष्ट सांगितली. डॉक्टर कमी पडत होते, म्हणून ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. आज पीए रुग्ण तपासतात, निदान करतात आणि पन्नासही राज्यांत औषधं लिहून देऊ शकतात. 2021 मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'फिजिशियन असोसिएट' हे नाव स्वीकारलं. वडील गप्प झाले, पण चेहरा सैलावला.

मग विद्यापीठाच्या नावाकडे वळलो. परवान्यासाठी दोन गोष्टी लागतात: एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी आणि 'पॅन्स' ही 300 प्रश्नांची परीक्षा. ड्यूकच्या विद्यार्थ्यालाही तीच परीक्षा, हिलाही तीच. मान्यता 'प्रोबेशन'वर, म्हणजे त्रुटींमुळे धोक्यात असती, तर मी स्वतःच थांबायला सांगितलं असतं. इथे तसं नव्हतं.

मुलीने निकाल पाहून ठेवले होते. "इथे गेल्या वर्षी पहिल्या प्रयत्नात 93 टक्के पास झाले, दुसरीकडे 100," ती पडेल आवाजात म्हणाली. मी विचारलं, वर्गात किती जण होते? तीस. म्हणजे दोघं नापास झाले. एवढ्या लहान वर्गात एकेका मुलामागे तीन टक्के हलतात, म्हणून मी नेहमी पाच वर्षांचे आकडे एकत्र बघायला सांगते.

त्याहून महत्त्वाचा तक्ता तिने उघडलाच नव्हता. किती विद्यार्थी आत आले आणि किती पदवी घेऊन बाहेर पडले, हेही प्रत्येक अभ्यासक्रमाला आपल्या संकेतस्थळावर द्यावं लागतं. पॅन्सच्या निकालात फक्त शेवटपर्यंत पोचलेले मोजले जातात. मधेच गळलेले त्यात दिसतच नाहीत, पण कर्ज त्यांच्याही डोक्यावर असतं. तिघं माझ्याच टेबलाशी बसून दोन्ही तक्ते वाचत राहिले. 100 टक्क्यांच्या ठिकाणी दरवर्षी पाच-सहा जण गळत होते. छोट्या विद्यापीठात पाच वर्षांत मिळून चार.

"मागे पडलेल्या मुलांचं तुम्ही काय करता, हे त्यांना फोन करून विचार," मी तिला म्हणाले. "आणि क्लिनिकल रोटेशन्स, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष शिक्षण, कुठे असतात तेही. तिथे शिकवणारे डॉक्टर शोधायची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकता येत नाही, तसा नियमच आहे. पण जागा किती लांब असेल, ते आधीच कळलेलं बरं."

तिने दोन माजी विद्यार्थिनींशीही बोलून घेतलं. एकीला पहिल्या सत्रात फार्माकॉलॉजी जड गेली होती, तेव्हा प्राध्यापक दर गुरुवारी तिला वेगळं शिकवत. हे ऐकून आईनेच डिपॉझिट भरायला सांगितलं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. रोटेशन चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलमध्ये आहे आणि बर्फात पहाटे पाचला निघावं लागतं. मागच्या महिन्यात वडिलांचा फोन आला होता, स्नो टायर कुठले चांगले म्हणून.