थरथरणारा हात : वेस्टर्न आणि युद्धपटांतील नायकाविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकन वेस्टर्न (म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील बंदूकबाजांच्या कथांचे चित्रपट) आणि युद्धपटांतील शौर्य व मर्दानगी या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : 'हाय नून' पाहताना माझे वडील वैतागले. दारोदार मदत मागत फिरणारा माणूस नायक कसला, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र तोच खरा शूर वाटला. आमच्यापैकी बरोबर कोण?

उत्तर : आपल्या वडिलांच्या बाजूने साक्ष द्यायला दोन बडी माणसे आहेत. कसलेला शेरीफ, म्हणजे गावात कायदा राखणारा अधिकारी, गावकऱ्यांच्या विनवण्या करत फिरणार नाही, हा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांचाही आक्षेप होता आणि नट जॉन वेन यांना घेऊन त्यांनी १९५९ साली काढलेला 'रिओ ब्राव्हो' हे या चित्रपटाला दिलेले उत्तरच होते. वेन यांना तर 'हाय नून' अमेरिकेच्या वृत्तीला न शोभणारा वाटत असे. गंमत अशी की गॅरी कूपर यांना 'हाय नून'च्या नायकाच्या भूमिकेसाठी मिळालेले ऑस्कर त्यांच्या गैरहजेरीत स्वीकारायला मंचावर गेले ते वेनच!

आता १९५२ सालच्या त्या चित्रपटात मार्शल (शेरीफसारखाच कायद्याचा अधिकारी) विल केन नेमके काय करतो ते पाहू. त्याचे नुकतेच लग्न झाले आहे, त्याने नोकरी सोडली आहे आणि दुपारी बाराच्या गाडीने येणारा गुन्हेगार तीन साथीदारांसह त्याचा सूड घेणार आहे. तो मदत मागतो तेव्हा न्यायाधीश सामान बांधून निघून जातो, चर्चमध्ये जमलेली मंडळी चर्चा करत बसतात आणि एक मित्र तर आतल्या खोलीत लपून, आपण घरी नाही असे सांगायला बायकोला दारात पाठवतो. केनने त्या बाईचा पडलेला चेहरा पाहिला आहे आणि आपण पाहिला आहे हे तिलाही कळले आहे. तरी तो जाब न विचारता वळतो. पुढे कचेरीत एकटा असताना तो मृत्युपत्र लिहितो. पन्नाशीला आलेल्या कूपर यांच्या चेहऱ्यावर भीती लख्ख दिसते आणि दिग्दर्शक फ्रेड झिनेमन कॅमेरा तिच्यावरून हलवत नाहीत. पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रीकरण चालू असतानाच कम्युनिस्टांच्या शोधात असलेल्या संसदीय समितीपुढे उभे राहावे लागले होते, त्यांनी इतरांची नावे सांगण्यास नकार दिला आणि हॉलिवूडने त्यांचे नाव काळ्या यादीत टाकले. त्यामुळे ओळखीच्या माणसांनी पाठ फिरवणे म्हणजे काय, हे त्यांना कल्पनेने रचावे लागले नसावे.

माझा कौल आपल्या बाजूने आहे, मात्र वडिलांना एक सवलत देऊन. 'रिओ ब्राव्हो'चे खरे मर्म वेन यांच्या पात्रात नाही, ते डीन मार्टिन यांनी रंगवलेल्या ड्यूड या दारुड्या सहायकात आहे. दारू सोडू पाहणाऱ्या या माणसाचे हात इतके कापतात की त्याला धड सिगारेटही वळता येत नाही आणि शेरीफ मुकाट्याने ती वळून त्याच्या हाती देतो. शेवटी हरलो असे समजून ड्यूड पेला भरतो, पण शत्रूने पलीकडे वाजवायला लावलेली धून कानी पडते आणि तो ती दारू पुन्हा बाटलीत ओततो, एक थेंबही न सांडता. म्हणजे ज्या दिग्दर्शकाला मदत मागणारा नायक खपत नव्हता, त्यानेच आपला सर्वांत हृद्य प्रसंग कापणाऱ्या हातावर उभा केला. दोन्ही चित्रपट एकमेकांशी भांडतात असे म्हणतात. मला ते बरेच जवळचे वाटतात.

प्रश्न : युद्धपटांत भित्र्या सैनिकाला नेहमी खलनायकासारखे का दाखवतात? भीती वाटणे हा एवढा मोठा अपराध आहे का?

उत्तर : सैन्यासाठी तो कित्येक काळ अपराधच होता आणि चांगले युद्धपट त्या नियमाचीच उलटतपासणी करतात. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या १९५७ सालच्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी'मध्ये पहिल्या महायुद्धातील एक फ्रेंच सेनापती खंदकातून फेरी मारताना, बायको पुन्हा भेटणार नाही म्हणून रडणाऱ्या, मेंदूवर आघात झालेल्या सैनिकाच्या थोबाडीत मारतो आणि असला काही आजार नसतोच असे बजावतो. पुढे अशक्यप्राय हल्ला फसतो आणि भित्रेपणाचा ठपका ठेवून तीन सैनिकांना गोळ्या घालण्याचे ठरते. त्यांतला एक चिठ्ठी टाकून निवडला जातो. दुसऱ्याची निवड त्याच्या अधिकाऱ्याने केलेली असते, कारण तो अधिकारी स्वतः घाबरून पळाला होता आणि हे त्या सैनिकाने पाहिले होते. मर्दानगीच्या गप्पा कोण मारतो आणि तिची शिक्षा कोण भोगतो, हे इतक्या निष्ठुरपणे फार थोड्या चित्रपटांनी मांडले आहे. फ्रान्समध्ये तो १९७५ पर्यंत पडद्यावर आला नाही.

थोबाडीत मारण्याचा प्रकार निव्वळ कल्पित नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत अमेरिकन सेनानी जनरल पॅटन यांनी रुग्णालयात मानसिकदृष्ट्या खचलेल्या दोन सैनिकांना वेगवेगळ्या दिवशी असेच मारले आणि त्यांचे वरिष्ठ जनरल आयझेनहॉवर यांनी पॅटन यांना माफी मागायला लावली. पॅटन यांच्यावरच्या १९७० सालच्या चित्रपटात हा प्रसंग आहे, पण चित्रपट पॅटन यांच्या रुबाबावर एवढा लुब्ध आहे की मार खाणारा सैनिक आपल्या लक्षात राहत नाही. हा त्या चित्रपटाचा दोष मी लहान मानत नाही.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९९८ सालच्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये टॉम हँक्स यांच्या कॅप्टन मिलरचा उजवा हात वारंवार थरथरतो. नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या होडीत तो आपल्याला पहिल्यांदा दिसतो तोही पाण्याची बाटली धरलेल्या त्या हातासकट. हा माणूस युद्धापूर्वी काय करत होता, यावर त्याच्या तुकडीने पैजा लावल्या आहेत. ती फुटण्याच्या बेतात असताना तो सांगतो की आपण शाळेत भाषा शिकवत होतो आणि मारलेल्या प्रत्येक माणसागणिक घर अधिक दूर गेल्यासारखे वाटते. दरडावून जे साधले नसते ते या कबुलीने साधते आणि माणसे मुकाट कामाला लागतात.

प्रश्न : वेस्टर्नमधील नायक शेवटी एकटाच का निघून जातो? आणि या चित्रपटांत स्त्रियांचे काम फक्त अडवण्याचे असते का?

उत्तर : बंदुकीने गाव सुरक्षित करणारा माणूस त्याच बंदुकीमुळे गावात राहण्यास अपात्र ठरतो, म्हणून. १९५३ सालच्या 'शेन'मध्ये नायक हे लहान मुलाला जवळजवळ याच अर्थाच्या शब्दांत सांगतो. जॉन फोर्ड यांच्या 'द सर्चर्स'मध्ये पळवून नेलेल्या पुतणीला शोधून घरी आणल्यावर सगळे आत जातात आणि वेन दाराबाहेर एका हाताने दुसऱ्या हाताचे कोपर धरून उभे राहतात. त्यांना कोणी आत बोलावत नाही.

स्त्रियांविषयीची आपली तक्रार बहुतांशी रास्त आहे. तरीही 'हाय नून'मधील केनच्या बायकोकडे, एमीकडे पुन्हा पाहावे. वडील आणि भाऊ गोळीबारात गेल्यामुळे तिने अहिंसा मानणारा क्वेकर पंथ धरला आहे. तीच शेवटी खिडकीतून एका गुंडाला पाठीत गोळी घालून नवऱ्याला वाचवते. ही घटना विजयासारखी रंगवलेली नाही. केन बिल्ला धुळीत फेकतो तेव्हा गावाने तिच्याकडून काय करवून घेतले, याचाही राग त्या फेकण्यात असावा.

प्रश्न : जॉन वेन स्वतः कधी युद्धावर गेले नाहीत असे कळले. मग त्यांचे पडद्यावरील शौर्य ढोंगच म्हणायचे का?

उत्तर : ढोंग म्हणू नये; नटाने जगलेलेच वठवावे असा नियम केला तर रंगभूमी उद्याच बंद पडेल. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली तेव्हा वेन ३४ वर्षांचे, चार मुलांचे वडील होते आणि त्यांना सैन्यभरतीतून सवलत मिळाली. नट जेम्स स्ट्यूअर्ट यांनी मात्र बॉम्बफेकी विमाने चालवत २० मोहिमा केल्या आणि परतल्यावर त्याविषयी ते फारसे बोलत नसत. खरी अडचण नटात नसून प्रेक्षकांत आहे, कारण वेन यांची संथ चाल आणि ठाम आवाज पाहून पिढ्यान् पिढ्यांनी सैनिक असाच असतो असे ठरवून टाकले.

खरा सैनिक पडद्यावर आला होता, तो ऑडी मर्फी यांच्या रूपाने. ठेंगणा, पोरसवदा चेहऱ्याचा हा माणूस जानेवारी १९४५ मध्ये फ्रान्समध्ये पेटलेल्या रणगाडाविरोधी वाहनावर चढून त्यावरच्या मशीनगनने जर्मनांशी सुमारे तासभर एकट्याने लढला आणि त्यासाठी त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. १९५५ साली 'टू हेल अँड बॅक'मध्ये त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. इकडे रात्री त्यांना झोप येत नसे, दुःस्वप्ने पडत आणि उशाखाली भरलेले पिस्तूल असे; झोपेच्या गोळ्यांचे व्यसन लागले, तेव्हा त्यांनी स्वतःला कोंडून घेऊन ते सोडले. पुढे कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक आजारांकडे सरकारने लक्ष द्यावे, असे त्यांनी उघडपणे सांगितले. वेस्टर्न चित्रपटांत त्यांनी पुष्कळ कामे केली, पण हा दुसरा भाग त्यांना कोणी पडद्यावर करायला दिला नाही.