पेन्सिलच्या फुलीवर सही करण्याआधी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाऊजी वनरक्षक, वय 49, नोकरी 24 वर्षांची. मागच्या पोळ्याच्या सुमारास लकवा मारला. उजवा हात नीट चालतो, डावा पाय मात्र ओढावा लागतो. रजा संपत आली आणि ऑफिसातले बाबू रुग्णता निवृत्तीचा, म्हणजे आजारपणामुळे मुदतीआधी निवृत्त होण्याचा, टाइप केलेला अर्ज घरी ठेवून गेले, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून. 'पैसा एकदम मिळेल, पतसंस्थेचं सहा लाखांचं कर्ज फिटेल, पोरगा अनुकंपावर लागेल.' सही करावी का, असं तुम्ही विचारता.

आत्ता करू नका.

पोराचं आधी सांगते, कारण खरी ओढ तिथेच दिसते. आजारपणामुळे निवृत्त झालेल्यांच्या वारसाला अनुकंपा नोकरी देण्याची सोय राज्याने 2005 सालीच काढून टाकली. गावोगाव अजून तीच आशा दाखवली जाते, याचं फार वाईट वाटतं.

आता हिशोब. मूळ वेतन 44,000, म्हणजे पेन्शन 22,000. महागाई भत्ता दोन्हींवर त्याच टक्क्याने. निवृत्तीच्या 58 व्या वर्षापर्यंत 108 महिने उरलेत. वेतनवाढी आणि भत्ता सोडला तरी फरक 23 लाख 76 हजारांचा होतो. ग्रॅच्युइटी आज बारा महिन्यांच्या पगाराइतकी बसेल, 33 वर्षं भरली तर साडेसोळा महिन्यांची. आणि 'एकदम मिळणारा' पैसा बराचसा पेन्शन विकून, म्हणजे तिचा काही भाग आगाऊ उचलूनच येतो. त्यापायी पंधरा वर्षं दर महिन्याला कपात सोसावी लागते.

दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 20(4) वाचून घ्या. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलात, फिरणं जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे खास तयार केलेल्या जादा पदावर ठेवायचं. याआधीच्या 1995 च्या कायद्यातही हे संरक्षण होतं. पाय गमावलेल्या कुणाल सिंग या शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये सांगितलं की रुग्णता पेन्शन दिली म्हणून हा हक्क बुडत नाही. तपासणी नाका, लाकूड डेपो, रेंज ऑफिसचं टेबल, बसून करायची कामं वनखात्यात आहेत.

कर्ज नागपूरच्या दवाखान्यासाठीच काढलं ना? मग वैद्यकीय प्रतिपूर्तीचं, म्हणजे उपचाराचा खर्च सरकारकडून परत मागण्याचं, बिल टाकलंय का ते आधी बघा. नेमणूक नोव्हेंबर 2005 च्या आधीची असल्याने जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधीही आहे. आजारपणासाठी त्यातून ना-परतावा, म्हणजे परत न भरायची रक्कम मागता येते.

बसूनही काम होत नाही, असं वैद्यकीय मंडळाला आणि स्वतः भाऊजींनाही वाटलं, तर मात्र रुग्णता निवृत्ती घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही. 24 वर्षांच्या सेवेवर निम्म्या पगाराची पेन्शन पक्की आहे, पुढे कुटुंबनिवृत्तिवेतनही तुम्हाला आहे. तेव्हाही पेन्शन विकण्याआधी मला एकदा विचारा.

तोवर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. बैठ्या कामाची मागणी करणारा अर्ज कलम 20(4) चा उल्लेख करून उपवनसंरक्षकांच्या नावे द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका. नाकारलं तर नागपूरला सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे.

तो अर्ज टाइप करून घेऊ नका, भाऊजींनाच लिहू द्या. उजवा हात चालतो, हे त्या कागदावरच दिसेल.